तारेच्या त्या टोकाला कोण बसलंय?

२२ मार्च १९०५, हॉलंडमधलं लायडन शहर. एक धडधाकट गृहस्थ सायकलवर टांग टाकून प्रयोगशाळेतून दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात गेले. तिथे त्यांच्या हृदयाचे विद्युत्-संकेत टेलिफोनच्या तारेत सोडले गेले आणि मागे प्रयोगशाळेत त्यांचा आलेख उमटला. आलेखातले सुळके नेहमीपेक्षा उंच दिसले. विलेम आइंटहोवन या शास्त्रज्ञाने कारण दिलं की स्वारी सायकल दामटत गेली होती, त्याचा हा परिणाम.

या आलेखाला आइंटहोवनने 'टेलिकार्डिओग्राम' म्हटलं. दूरवैद्यक, म्हणजे टेलिमेडिसिन, कोविडच्या काळात जन्माला आलं असा आपला समज असतो. प्रत्यक्षात ते इसीजीच्या जवळजवळ बरोबरीचं आहे. कारणही साधं होतं. आइंटहोवनचं यंत्र सुमारे २७० किलोचं होतं आणि ते चालवायला पाच माणसं लागायची. यंत्र रुग्णालयात नेणं अशक्य आणि आजारी माणसाला प्रयोगशाळेत आणणं धोक्याचं, म्हणून तार.

या गोष्टीत एक तपशील सहसा सुटतो. त्या काळी चिकटवायचे इलेक्ट्रोड नव्हते. रुग्णाचे हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवावे लागत. रुग्णालयाच्या बाजूला कुणीतरी ती भांडी भरून, माणसाला नीट बसवून, तारा योग्य भांड्यांना जोडल्याशिवाय दीड किलोमीटरवरच्या आइंटहोवनला काहीही दिसणार नव्हतं.

हे सगळं आत्ता लिहायला एक निमित्त आहे. आमच्या इथल्या मराठी मंडळात सध्या एक प्रस्ताव फिरतोय: वर्गणी काढून कोकणातल्या एका गावाला 'टेलिमेडिसिन संच' भेट द्यायचा. मोठा पडदा, कॅमेरा, डिजिटल स्टेथोस्कोप, इसीजी यंत्र, टॅबलेट. यादी देखणी आहे. तुमच्याही मंडळात असं काही चालू असेल किंवा लवकरच होईल. माझी पीएचडी सिग्नल प्रोसेसिंगमधली असल्यामुळे "तू बघ गं जरा यंत्रांचं" म्हणून ती यादी माझ्याकडे आली. यंत्रं चांगलीच आहेत. माझी अडचण यादीत काय नाही याबद्दल आहे.

आधी यंत्रांचाच हिशोब करू. आजचा इसीजी बारा लीडचा असतो, पण त्यातल्या आठच स्वतंत्र असतात. उरलेल्या चार साध्या बेरीज-वजाबाकीने काढता येतात. प्रत्येक लीडची सेकंदाला ५०० मोजमापं घेतली, प्रत्येक मोजमापाला दोन बाइट दिले आणि दहा सेकंद नोंद केली, तर होतात ८०,००० बाइट, म्हणजे ८० किलोबाइट. तुमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर रोज सकाळी येणारं गुलाबाच्या फुलाचं 'शुभ सकाळ' बहुधा याहून जड असतं. हृदयविकाराचा झटका ओळखायला लागणारी माहिती टूजीच्या रेंजवरही जाते. डोळ्याच्या पडद्याचा फोटो, त्वचेवरच्या चट्ट्याचा फोटो, रक्तातल्या साखरेचा आकडा, यांतल्या कशालाही जिवंत व्हिडिओ लागत नाही. आधी नोंद करायची, मग सवडीने पाठवायची, तज्ज्ञाने त्याच्या वेळेत पाहायची. जगातलं पुष्कळसं उपयुक्त दूरवैद्यक असंच रुक्ष चालतं. मोठ्या पडद्यावरचा डॉक्टर देणगीच्या फोटोत मात्र छान दिसतो.

म्हणजे माहिती पाठवणं सोपं आहे. ती खरी असणं अवघड आहे.

गेल्या वर्षी राजापूर तालुक्यातून माझ्या चुलतभावाने काकूचा इसीजी व्हॉट्सॲपवर पाठवला. ("तू डॉक्टर ना?" घरच्यांना पीएचडी आणि एमबीबीएस यांतला फरक समजावणं मी केव्हाच सोडून दिलंय.) ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो, कागदाला मधोमध घडी. पण लीड एक स्पष्ट दिसत होती आणि तीत सगळंच उलटं होतं, सुळके वर जाण्याऐवजी खाली. मी तो माझ्या एका हृदयरोगतज्ज्ञ मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, "एक तर तुझ्या काकूचं हृदय उजव्या बाजूला आहे, नाही तर डाव्या-उजव्या हाताच्या तारांची अदलाबदल झालीय. छातीवरच्या लीड बरोबर दिसतायत, म्हणजे तारा. पुन्हा काढायला सांग." पुन्हा काढला, सरळ आला.

हातांच्या तारा उलट लागल्या की लीड एक उलटी होते, दोन आणि तीन एकमेकींच्या जागी जातात. ही चूक निदान ओळखता तरी येते, कारण तिचं गणित ठरलेलं आहे. छातीवरचे पहिले दोन इलेक्ट्रोड चौथ्या बरगडीखालच्या फटीऐवजी एक-दोन फटी वर लागले, तर आलेख जुना झटका येऊन गेल्यासारखा दिसू शकतो. तो आलेख गुळगुळीत, स्वच्छ, अगदी विश्वासार्ह दिसतो. पुण्यात किंवा बोस्टनमध्ये बसलेल्या तज्ज्ञाला त्यात खोट दिसेलच असं नाही. माझ्या क्षेत्रातली कितीही हुशार आज्ञावली घेतली, तरी चुकीच्या जागी लावलेला इलेक्ट्रोड तिला योग्य जागी सरकवता येत नाही. ते काम बरगड्या बोटांनी मोजता येणाऱ्या माणसाचं.

मी राहते ते न्यू मेक्सिको राज्य क्षेत्रफळाने जवळजवळ महाराष्ट्राएवढं आहे: महाराष्ट्र सुमारे ३.०८ लाख चौरस किलोमीटर, न्यू मेक्सिको ३.१५ लाख. लोकसंख्या मात्र २१ लाखांच्या आसपास. सगळा महाराष्ट्र रिकामा करून त्यात एखादं मध्यम शहर विखरून टाकावं, तसा प्रकार. डॉक्टर अर्थातच अल्बुकर्कीत.

इथल्या विद्यापीठात डॉ. संजीव अरोरा हे यकृताचे तज्ज्ञ आहेत. २००३ च्या सुमारास राज्यात हेपॅटायटिस सी चे हजारो रुग्ण होते आणि उपचार जेमतेम काही टक्क्यांना मिळत होते. अरोरांच्या दवाखान्यात नंबर लागायला आठ-आठ महिने जात, आणि लोक चारशे किलोमीटर गाडी हाकत येत. तेव्हाचा उपचारही खडतर होता. आठवड्याला इंटरफेरॉनचं इंजेक्शन आणि रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या, असं अठ्ठेचाळीस आठवड्यांपर्यंत. रक्त कमी होणं, नैराश्य येणं असे दुष्परिणाम, त्यामुळे सतत देखरेख हवी. अशा रुग्णाने दर वेळी चारशे किलोमीटर यायचं म्हणजे उपचार सोडून देणंच.

सरळ मार्ग होता, प्रत्येक रुग्णाला पडद्यावर अरोरांसमोर बसवायचं. पण त्याने प्रवास वाचला असता, रांग नाही. अरोरांचे दिवसातले तास तेवढेच राहिले असते. त्यांनी रुग्णाला पडद्यावर आणलंच नाही. गावोगावचे साधे डॉक्टर, नर्स, तुरुंगातले वैद्यकीय कर्मचारी आठवड्यातून एकदा एकत्र व्हिडिओवर जमायचे. प्रत्येकाने आपापल्या रुग्णाची केस, नाव न सांगता, सगळ्यांसमोर मांडायची. अरोरा आणि त्यांचे सहकारी प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचे आणि बाकीचे ऐकायचे. असे महिनोन्‌महिने गेले की गावचा डॉक्टर त्या एका आजारापुरता तज्ज्ञ होतो. या पद्धतीला त्यांनी 'प्रोजेक्ट एको' नाव दिलं.

२०११ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आला. ४०७ रुग्ण: १४६ विद्यापीठाच्या दवाखान्यात, २६१ खेडी आणि तुरुंग मिळून २१ ठिकाणी. विषाणू कायमचा नाहीसा झाल्याचं प्रमाण विद्यापीठात ५७.५ टक्के, बाहेर ५८.२ टक्के. गंभीर दुष्परिणाम विद्यापीठात १३.७ टक्के, बाहेर ६.९ टक्के. इथे वैज्ञानिकाने हात आखडता घ्यायला हवा, कारण रुग्ण चिठ्ठ्या टाकून विभागलेले नव्हते. दोन गट मुळातच वेगळे असू शकतात, त्यामुळे 'खेड्यातला उपचार अधिक सुरक्षित' असं त्यावरून म्हणता येणार नाही. पण 'खेड्यातला उपचार दुय्यम' हे गृहीतक त्या आकड्यांपुढे टिकत नाही. आज तो आजार आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, इंटरफेरॉन इतिहासजमा झालंय. पद्धत मात्र इतर आजारांकडे आणि इतर देशांत पसरली. बंगळुरूची निम्हान्स संस्था व्यसनमुक्ती आणि मानसिक आरोग्यासाठी तिचा वापर करते.

तज्ज्ञ नेहमी शहरातच असतो असंही नाही. कोकणात विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, दगावत. रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी त्यावर गुणकारी ठरते हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं आणि १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आणलं. ते ज्ञान महाडहून जगाकडे गेलं. दूरवैद्यकाच्या बहुतेक आराखड्यांत बाण एकाच दिशेला, शहराकडून गावाकडे काढलेला असतो. मला तो नेहमी खटकतो.

आता माझ्या आवडीच्या गोष्टीकडे. तमिळनाडूतल्या थेनी परिसरात अरविंद नेत्र रुग्णालयाने गावांमध्ये छोटी 'व्हिजन सेंटर' उघडली. तिथे डॉक्टर नसतो. प्रशिक्षित तंत्रज्ञ असतात, बहुतेक आसपासच्या खेड्यांतल्या बारावी झालेल्या मुली, ज्यांना रुग्णालयानेच दोन वर्षं शिकवलेलं असतं. त्या डोळे तपासतात, नंबर काढतात, स्लिट लॅम्पखाली डोळा दाखवतात, आणि रुग्णालयातला डॉक्टर व्हिडिओवरून रुग्णाशी बोलतो. पुष्कळांना फक्त चष्मा लागतो, तो तिथेच मिळतो. मोतीबिंदूसारखं काही असेल तरच रुग्णालयाची वारी.

वीस वर्षांपूर्वी तिथे इंटरनेट नव्हतं. बर्कलीच्या एरिक ब्रुअर यांच्या गटाने घरातलंच वायफाय वापरलं, दिशादर्शी अँटेना उंच मनोऱ्यांवर बसवून. यात एक गंमत आहे. वायफाय प्रत्येक पुडकं पाठवल्यावर पोचपावतीची वाट पाहतं. पावती ठरावीक वेळात आली नाही तर पुडकं हरवलं असं समजून पुन्हा पाठवतं. हा वेळ घरातल्या अंतरांच्या हिशोबाने ठरलेला असतो. रेडिओलहर मायक्रोसेकंदाला ३०० मीटर जाते, म्हणजे १५ किलोमीटर जाऊन परत यायला १०० मायक्रोसेकंद. तोवर पाठवणाऱ्याचा धीर सुटलेला असतो. पत्र पोचलेलं, पावती वाटेत, आणि इकडे तेच पत्र पुन्हा टपालात. बर्कलीकरांनी नियम बदलले. दोन्ही टोकांनी पाळीपाळीने बोलायचं आणि एकेका पुडक्याऐवजी गठ्ठ्याची एकच पोच द्यायची. तेच स्वस्त यंत्र व्हिडिओपुरता वेग देऊ लागलं.

पीएचडीच्या विद्यार्थ्याला इथे गोष्ट संपली असं वाटतं, शोधनिबंध झाला. या गटाचं मला कौतुक अशासाठी की त्यांनी पुढे २००८ मध्ये आणखी एक निबंध लिहिला, जाळं वर्षानुवर्षं चालू ठेवताना काय काय बिघडलं याचा. त्यात मोठा खलनायक निघाला वीजपुरवठा. दाब एकदम उसळून यंत्रं जळत. दाब तासन्‌तास कमी राहिला की राउटर धड बंदही नाही आणि धड चालूही नाही अशा अवस्थेत अडकून बसत. उपाय असा होता की दाब कमी झाल्यावर यंत्र पूर्ण तोडून टाकणारं छोटंसं सर्किट बसवायचं. दुसरी अडचण माणसांची. बिघाड कुठला आहे हे तिथल्या कर्मचाऱ्यांना ओळखता यावं, प्रत्येक वेळी बर्कलीहून कुणी यावं लागू नये. म्हणून स्थानिक लोकांना दुरुस्ती शिकवली गेली.

आणि तारच नसेल तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं: वजन करणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं. १९९९ च्या लॅन्सेटमधल्या निबंधानुसार तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. तिथे ना पडदा होता, ना कॅमेरा.

भारत सरकारची 'ई-संजीवनी' या सगळ्याच्या पुढची पायरी म्हणता येईल. मोहालीच्या सी-डॅकने ती बनवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्य केंद्र ते डॉक्टर हा भाग सुरू झाला, आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, घरबसल्या रुग्णाने थेट डॉक्टरशी बोलायचा. त्याच्या थोडं आधी, २५ मार्च २०२० ला, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली. ती फार गरजेची होती. २०१८ मध्ये रत्नागिरीच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने फोनवरून औषध सांगण्यावर कडक ताशेरे ओढले होते आणि पुष्कळ डॉक्टरांनी फोनची धास्ती घेतली होती. नव्या नियमांनी कोणती औषधं कोणत्या माध्यमातून लिहून देता येतील हे ठरवलं. गुंगीच्या औषधांसारखी काही सरळ वर्ज्य.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-संजीवनीने १० कोटींचा टप्पा ओलांडला. प्रचंड आकडा आहे, आणि एवढी व्यवस्था सरकारी खर्चाने उभी राहिली याचं मला मनापासून अप्रूप आहे. पण हा आकडा सल्ल्यांचा आहे. किती जणांचा रक्तदाब ताब्यात आला, लिहून दिलेली गोळी उपकेंद्रात होती का, 'तालुक्याला जा' असं सांगितलेले किती जण गेले, हे त्या आकड्यातून कळत नाही. एकोने विषाणू गेला की नाही ते मोजलं, सर्चने बाळं मोजली. मोजायला तेच अवघड असतं आणि मोजायला हवं तेही तेच.

ई-संजीवनीचा पहिला भाग मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यात रुग्णाशेजारी उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी बसलेली असते. ती रक्तदाब मोजते, बोटातून रक्त घेऊन साखर बघते, पायाच्या जखमेवरची पट्टी सोडून कॅमेरा तिथे नेते, आणि डॉक्टर "रोज एक, जेवणानंतर" म्हणाला की आजीला ते तिच्या बोलीत पुन्हा सांगते. ही अधिकारी बहुधा कंत्राटी असते. तिने नोकरी सोडली की नवीन येईपर्यंत तारेचं ते टोक रिकामं.

म्हणून मंडळाच्या यादीवर मी चार ओळी लिहून पाठवल्यात. संच कोण चालवणार, आणि ती व्यक्ती गेली तर कोण? तिला शिकवायला किती महिने, आणि शिकवणार कोण? इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, इलेक्ट्रोडचे नग आणि दुरुस्ती यांसाठी पाच वर्षांचे पैसे कुठे आहेत? आणि डॉक्टरने "पुढे पाठवा" म्हटलं तर गाडी कुठली? माझ्या हिशोबाने पडदा निम्म्या आकाराचा घेतला आणि डिजिटल स्टेथोस्कोप वगळला, तर एका स्थानिक मुलीच्या प्रशिक्षणाचे आणि काही महिन्यांच्या मानधनाचे पैसे सुटतात. यावर "मानधनावर देणगीदाराचं नाव कुठे कोरणार?" असं एका काकांनी विचारलं. प्रश्न गमतीचा होता, पण अगदीच गमतीचा नव्हता.

जाता जाता, ज्यांचे आईवडील गावी आहेत त्यांच्यासाठी. बरे असतानाचा त्यांचा एक इसीजी काढून ठेवा. नव्याची तुलना करायला जुना हाताशी असला की डॉक्टरचं काम फार सोपं होतं. इसीजीचं यंत्र पीडीएफ देत असेल तर तीच मागा. फोटोच काढायचा असेल तर कागद सपाट ठेवून, उजेडाची चकाकी न येऊ देता, चारही कडा दिसतील असा, आणि त्यावर तारीख-वेळ असू द्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, दरदरून घाम येत असेल, तर मात्र फोटो आपल्याला पाठवत बसू नका असं त्यांना आत्ताच सांगून ठेवा. आपण कदाचित झोपलेले असू. आधी १०८ ला फोन करायचा, आणि आपल्याला रुग्णालयात पोचल्यावर.